पाण्यात न विरघळणारे लाडू

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता कॉलेजच्या ऑफिसात दादाचा फोन आला. तो म्हणाला, "मालू, वहिनी गेली." मी प्रयोगशाळेत परत आले, गॅस बंद केला, कुलूप लावलं आणि पार्ल्याहून बोरीवलीला गेले.

वहिनी, त्यानंतरचे तेरा दिवस घरात माणसं होती. तुझ्याबद्दल बोलत होती. कोणाच्या बाळंतपणात तू किती रात्री जागलीस, कोणाच्या लग्नात दोनशे माणसांचे वडे एकटीने तळलेस. मी भिंतीला टेकून ऐकत होते. मला जे बोलायचं होतं ते त्या बोलण्यात कुठे बसत नव्हतं. ते तुलाच सांगायला हवं होतं आणि सांगायला माझ्याजवळ चार वर्षं होती. आता कागदावर लिहिते आहे. तू चौथीपर्यंत शिकलेली, अक्षराला अक्षर लावून वाचायचीस, म्हणून मीही सावकाश लिहिते.

तुमच्याकडे राहायला आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. दोन खोल्या, दादाची गिरणीतली पाळी, आणि तू. परीक्षा जवळ आली की तू मला भांड्यांना हात लावू द्यायची नाहीस. "तू तुजा वाच. भांडी माका येतत, रसायन येणा नाय," म्हणायचीस. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मोठ्याने पाठ करायचे आणि तू तांदळाच्या भाकऱ्या थापत ऐकायचीस. नत्र, स्फुरद, पालाश. आठ दिवसांत तेही तुला पाठ झालं होतं. एकदा थापता थापता थांबून विचारलंस,

"गो मालू, ह्या नत्र दिसता कसा?"

"दिसत नाही वहिनी. आपल्या भोवती हवेत सगळीकडे असतं."

"मगे झाडां हवेतला कित्या घेणत नाय?"

मी पुस्तकात होतं ते सगळं सांगितलं. तू पिठाचे हात तसेच धरून शेवटपर्यंत ऐकलंस आणि म्हणालीस, "म्हणजे नुसता आसान उपेग नाय. त्याच्या तोंडाक लागात असा होया." पुढे मी शिकवायला लागले तेव्हा मुलांना हाच धडा अवघड जायचा. मग मी तुझं वाक्य जरा सभ्य करून, नुसतं असून उपयोग नाही, झाडाच्या तोंडाला लागेल असं हवं, असं वर्गात सांगायचे आणि मुलांना ते कळायचं. वाक्य कोणाचं ते मात्र मी कधी सांगितलं नाही. आज मागे वळून बघते तर माझ्या गप्प बसण्याची सुरुवात तिथूनच झालेली दिसते.

गिरण्यांचा संप सुरू झाला आणि दादा घरी बसला. पहिले काही महिने तो रोज सकाळी दाढी करून कपडे घालून खुर्चीत बसायचा. तू त्याला काही बोलली नाहीस. इमारतीच्या मागे विहिरीला लागून जी मोकळी जागा होती तिथे एक दिवस कुदळ घेऊन गेलीस आणि येताना म्हणालीस, "जमीन बरी आसा. दगड काढून देशात काय?" दादाने दगड काढले. मला वाटतं, त्या वर्षी दादाला त्या दगडांनीच सावरलं.

लाल माठ, पालक, वांगी, मिरच्या, मांडवावर पडवळ. तुझं बघून इमारतीतल्या आणखी चौघी आल्या. तोवर मला नोकरी लागून मी पार्ल्याला राहायला गेले होते. रविवारी मी जेवायला यायचे तेव्हा तुम्ही पाचजणी पदर खोचून वाफ्यात असायचात आणि तुमच्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या मेहताबेन आपल्या मेथीशी गुजरातीत बोलत असायच्या. खत म्हणजे तेव्हा सगळ्यांचाच युरिया. दुकानातून आणायचा, मुठीने फेकायचा, वर पाणी सोडायचं. चार दिवसांत पालक काळाभोर हिरवा व्हायचा आणि तुम्ही खूश.

दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी हिरवं झालं. वर शेवाळाची साय यायला लागली. ते पाणी पिण्याचं नव्हतं, संडासात आणि धुण्याला वापरायचं, पण वास यायला लागल्यावर लोक भडकले. सेक्रेटरी नाडकर्णींनी फळ्यावर नोटीस लावली: विहिरीजवळ रासायनिक खत टाकलं तर वाफे बंद करण्यात येतील. बाकीच्या चौघी नाडकर्णींना नावं ठेवत बसल्या. तू नोटीस दोनदा वाचलीस आणि म्हणालीस, "तो बरोबर बोलता. आम्ही टाकतो मूठभर, झाड खाता चिमूटभर. उरलेला जातला खंय? विहिरीतच ना?"

हे तू कोणत्याही पुस्तकाशिवाय म्हणालीस. मी तिथेच होते, हातात वांगं घेऊन.

त्यानंतर तू ते खताचे लाडू करायला घेतलेस. तुझे वडील गावी माडाच्या बुंध्यात करंजाची पेंड आणि सुक्या मासळीची कुटी पुरायचे, ते तुझ्या डोक्यात होतं. करंजाची पेंड तू गावाहून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडून मागवलीस. तिच्यात सुक्या जवळ्याचा चुरा, शेण आणि चिकणमाती घालून गोळे वळलेस आणि गॅलरीत सावलीला वाळत घातलेस. पहिली खेप कुत्र्यांनी जवळ्याच्या वासाने उकरून खाल्ली. दुसरी खेप पहिल्याच पाण्याला फुटून वाहून गेली. तिसऱ्या वेळी तू माती वाढवलीस, आणि पार्कातल्या जंगलाच्या बाजूला पडलेली सागाची पानं आणून त्यात एकेक लाडू गुंडाळून झाडापासून वीतभर अंतरावर, चार बोटं खोल पुरलास. पान कुजायला लागलं की लाडू हळूहळू उघडा पडेल, असा तुझा हिशेब होता.

"भाभी, मच्छीचा लाडू माझ्या मेथीमध्ये नको हां," मेहताबेन म्हणाल्या. "मेथी मेरी, लड्डू तेरा, धरम किसका जायेगा?"

"तुजो," तू म्हणालीस आणि दोघी हसत सुटलात. त्यांच्यासाठी तू जवळा न घालता, तिळाच्या पेंडीचे वेगळे लाडू केलेस आणि ते वेगळ्या डब्यात ठेवलेस, उपवासाच्या पदार्थासारखे.

मी मात्र तुझ्याशी वाद घातला. आठवतं का? मी म्हटलं होतं, "वहिनी, आधीच यात नत्र थोडं, त्यात ते इतकं सावकाश सुटणार. झाडाला पुरणार कसं?"

"तू म्हैन्याचा जेवण एका दिवशी जेवतंस?"

"मी झाड नाही."

"झाड तुज्यापेक्षा शाणा आसा. ता रोज भूक लागात तेवढाच मागता. तुज्या बाटलीत सगळा अर्ध्या तासात होवक होया, मास्तरीणबाई. मातीत तसा नसता."

तो वाद अर्धाच राहिला. दादाने जेवायला हाक मारली.

त्या पावसाळ्यात तू मुठीएवढाही युरिया घातला नाहीस. वांगी अशी लागली की झाडांना काठ्यांचा आधार द्यावा लागला, आणि विहीर जराशी निवळली. पण नाडकर्णींना खात्री पटेना. मासळीच्या लाडवांवर अशी वांगी येतात हे त्यांना खरं वाटत नव्हतं. लाडवांची तपासणी करून लेखी द्या, मग वाफे ठेवायचे का ते ठरवू, असं कमिटीने सांगितलं. तू क्षणभरही विचार केला नाहीस. "आमची मालू कॉलेजात आसा. ती तपासून देतली." नाडकर्णींनी मला हे पुढे सांगितलं तेव्हा म्हणाले, "काय अभिमानाने सांगितलं हो तुमच्या वहिनींनी."

तू बिस्किटाचा पत्र्याचा डबा भरून वीस लाडू दिलेस. मी तो पिशवीत घालून पार्ल्याला आणला आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या कपाटात ठेवला. दोन दिवसांत कपाटाला वास लागला. प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या, मुलं नाकाला रुमाल लावून हसत होती. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईंनी विचारलं, "काय गं हे? कोणाचं?"

मी म्हटलं, "कोणीतरी तपासायला दिलंय."

वहिनी, मी तुला कोणीतरी म्हटलं. ज्या बाईने मला सहा वर्षं भांड्यांना हात लावू दिला नाही, ती कोणीतरी. पुढे जे झालं त्याची मी पुष्कळ कारणं शोधली. परीक्षा होत्या, वेळ नव्हता. पण खरं कारण या उत्तरात आहे. मला तो डबा लवकर नजरेआड करायचा होता.

खताची तपासणी दोन प्रकारे करता येते. एक सोपी: खत कुटायचं, पाण्यात घालून अर्धा तास हलवायचं, गाळायचं, आणि गाळलेल्या पाण्यात नत्र किती उतरलं ते बघायचं. युरियासारख्या खताला हे चालतं, कारण तो सगळाच पाण्यात विरघळतो. दुसरी पद्धत कटकटीची. तीव्र आम्लात खत तासन्तास उकळायचं, म्हणजे त्यात अडकून बसलेलं सगळं नत्र बाहेर येतं. जवळा आणि पेंड आम्लात उकळली असती तर तो वास मजलाभर गेला असता. मी सोपी पद्धत केली. दोन लाडू घेतले, पाण्यात हलवले, गाळले. पाण्यात जवळजवळ काहीच उतरलं नाही.

उतरणार नव्हतंच. ते उतरू नये म्हणून तर तू तीन वेळा लाडू वळले होतेस.

मी कॉलेजच्या कागदावर सुबक अक्षरात लिहिलं: पाण्यात विरघळणारं नत्र नगण्य. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: खत म्हणून मूल्य अल्प. ही दुसरी ओळ मला कोणी विचारली नव्हती. एका ओळीचा अहवाल रिकामा दिसत होता म्हणून मी ती घातली. सही केली, पाकीट बंद केलं आणि दादाच्या हाती दिलं. तू विचारलंस, "बरा आसा ना?" मी म्हटलं, "आहे तसं लिहिलंय."

सभा रविवारी सकाळी गच्चीवर झाली. सतरंज्या टाकल्या होत्या. तू ठेवणीतलं हिरवं पातळ नेसली होतीस आणि मला बायकांच्या पुढच्या रांगेत, तुझ्याशेजारी बसवलं होतंस. नाडकर्णींनी पाकीट सगळ्यांसमोर फोडलं आणि वाचलं. मग चष्म्यावरून तुझ्याकडे बघून ते म्हणाले,

"वहिनी, रिपोर्ट तुमच्याच घरचा आहे. आम्ही काही बोलत नाही. यात लिहिलंय, हे खत जवळजवळ नाहीच. मग वांगी काय हवेवर वाढली?"

लोक हसले. तू लोकांत असताना आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करायचीस. तसंच सावकाश म्हणालीस, "पाण्यात उतरत नाही असं लिहिलंय ना? मग ते विहिरीत पण उतरत नाही. ते चांगलं की वाईट?"

त्याच क्षणी मला कळलं. नंतर नाही, घरी जाऊन नाही, पुस्तक उघडून नाही. सतरंजीवर, तुझ्या खांद्याला माझा खांदा लागलेला असताना. जो गुण तू मुद्दाम त्यात घातला होतास, तो मी दोष म्हणून लिहिला होता. सहा वर्षं उंबऱ्यावर बसून मी ज्या विषयाची घोकंपट्टी केली, त्यातला प्रश्न तू एका वाक्यात सोडवलास आणि मी सही करून चुकवला.

"तो विहिरीचा भाग वेगळा," नाडकर्णी म्हणाले. "इथे प्रश्न असा आहे की लाडवात दम नाही आणि वांगी दणदणीत. याचा अर्थ युरिया चालूच आहे. लाडू आपले आम्हाला दाखवायला."

"मी युरिया घालूक नाय!" तुझी भाषा सुटली.

"मग रिपोर्ट खोटा म्हणायचा का?"

तू माझ्याकडे वळलीस. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजीही नव्हती. डबा उघडता येत नसला की तू तो माझ्यापुढे करायचीस, तसा चेहरा होता.

"मालू, तू सांग ना गो."

पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. मी उठून एवढंच म्हणायला हवं होतं की चूक माझी आहे, मी चुकीच्या पद्धतीने तपासलं, मला आठ दिवस द्या. त्यासाठी मॅट्रिक नापास झालेल्या शेजाऱ्यांसमोरही मला सांगावं लागलं असतं की शिकलेल्या बाईला साधी गोष्ट कळली नाही. मी म्हटलं, "रिपोर्टमध्ये आहे ते बरोबर आहे."

आकडे बरोबरच होते. म्हणून तर ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सरळ निघालं.

हात वर झाले. वाफे बंद. मेहताबेन काहीतरी सांगायला उठल्या होत्या, त्यांना कोणीतरी "बेन, आता झालं" म्हणून बसवलं. आपण खाली आलो. तू पातळ बदललंस आणि मला नेहमीसारखं पहिलं वाढलंस, बांगड्याचं तिखलं आणि भात. बांगड्याचा मधला तुकडा माझ्या ताटात होता. मी तो खाल्ला, वहिनी. मला त्याची चव अजून आठवते, म्हणजे मी नीट जेवले असणार.

पुढच्या रविवारी आले तेव्हा जागेवर मुरूम टाकायची गाडी यायची होती आणि तू वांग्याची झाडं उपटत होतीस. एका झाडाच्या मुळाशी तू हात घातलास आणि एक लाडू वर काढलास. सागाच्या पानाची जाळी झाली होती. लाडू निम्मा झिजला होता आणि त्याच्या आतून बाहेरून पांढरी, केसासारखी बारीक मुळं गेली होती. झाडाने त्याला गच्च धरून ठेवलं होतं.

"बघ. पावसाळो गेलो, अजून अर्धो आसा," तू म्हणालीस. त्यात टोमणा नव्हता. नवं काही सापडलं की तू ते मला दाखवायचीस, तसंच दाखवलंस.

मी "हो" म्हटलं. इतकंच. तू तो लाडू परत खड्ड्यात ठेवलास आणि वर माती ओढून हाताने दाबलीस. तासाभरात मुरूम पडणार होता हे तुला माहीत होतं.

त्यानंतर इमारतीत तो विनोदच झाला. जिन्यात कोणी भाजी घेऊन चाललं की, "कशाची गं, युरियाची की लाडवाची?" तू हसून घ्यायचीस. कुठल्याच भांडणात तू कधी मागे हटायची नाहीस. पाणी सोडणाऱ्या माणसाला तू पाठीमागे "झोपलो मेलो" म्हणायचीस आणि तोंडावरही. पण यावर तू कधी भांडली नाहीस. तुझ्या बाजूने बोलणारा कागद तुझ्याजवळ नव्हता आणि विरुद्ध बोलणारा कागद घरचा होता.

आता दुसरी गोष्ट सांगते. ही पहिल्यापेक्षा वाईट आहे.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी कॉलेजच्या गच्चीवर आठ कुंड्या मांडल्या आणि मिरची लावली. चार कुंड्यांना युरिया, चारांना तुझे लाडू. कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या आणि गळणारं पाणी रोज तपासलं. युरियाच्या कुंड्यांतलं नत्र पहिल्या काही दिवसांतच खालच्या ताटलीत आलं आणि दुसऱ्या महिन्यात ती रोपं पिवळी पडायला लागली. लाडवांच्या कुंड्यांखालचं पाणी स्वच्छ राहिलं. मिरच्या उशिरा धरल्या, पण तिसऱ्या महिन्यातही झाडं हिरवी होती. मी सगळं वहीत लिहिलं. माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात स्वच्छ काम ते आहे. ती वही मी कपाटात ठेवली.

का, असं तू विचारशील. वही दाखवली असती तर पुढचा प्रश्न आला असता: मग सभेत का बोलली नाहीस? त्या प्रश्नाला घाबरून मी वही लपवली आणि प्रत्येक महिना गेला तसा तो प्रश्न मोठा होत गेला. सुरुवातीला एका रविवारचं धैर्य पुरलं असतं. नंतर नंतर मी बोरीवलीला येणंच कमी केलं. पेपर तपासायचे आहेत, म्हणायचे.

एकदा तू ओट्याशी कोलंबी सोलत असताना विचारलंस, "ते लाडू तू परत कधी बघितलंस काय गो?"

"वेळच नाही मिळाला, वहिनी."

"असूं दे. माजो डबो तरी परत हाड. बिस्किटां काय गावतत, पण तसो डबो गावणा नाय."

बिस्किटं मिळतात, डबा मिळत नाही, यावर आपण दोघी हसलो. मी त्या हसण्याला बिलगून राहिले. तुला माझं खोटं कळलं होतं का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. कळलं होतं आणि तू क्षमा केली होतीस, असं मानलं तर मला बरं वाटेल, म्हणून मी ते मानत नाही. मला माहीत नाही, एवढंच खरं आहे.

शेवटची दोन वर्षं तू गॅलरीत तेलाच्या डब्यांत मिरची आणि कोथिंबीर लावायचीस. लाडू नाही घातलेस त्यांना. मी विचारलं नाही.

तेराव्याला नाडकर्णी आले होते. म्हातारे झालेत. दादाचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "लाखात एक बाई. ते युरियाचं सोडलं तर कधी खोटं बोलली नाही." त्यांना चांगलंच बोलायचं होतं. दादाने मान हलवली.

मी ती मान हलताना बघितली. इमारत तुला खोटी समजते हे मला ठाऊक होतं. ज्याने दगड काढून वाफे केले तोही तसंच समजतो, हे मला चार वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

माणसं गेल्यावर मी दादाला सांगितलं. सगळं, कपाटातल्या वासापासून. तो खुर्चीत बसून ऐकत होता. माझं झाल्यावर त्याने विचारलं,

"म्हणजे ती घालत नव्हती?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही, दादा."

तो म्हणाला, "सभेच्या दिवशी, तू गेल्यावर, मी तिला म्हटलं, घातला असशील तर मला तरी सांग. मी रागावणार नाही. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, पकडली गेली म्हणून." थोड्या वेळाने म्हणाला, "तू शिकलेली. तुझं खरं धरलं मी." आणि उठून गॅलरीत गेला.

मी तुझं फक्त वाफ्याचं नुकसान केलं असं समजत होते. ते तीन दिवस मला माहीत नव्हते. या दोन खोल्यांत, ज्या माणसासाठी तू कुदळ उचललीस त्याच्यासमोर, तुझं खरं असताना तू तीन दिवस एकटी होतीस, आणि त्यानंतरही. एवढं असूनही रविवारी तू मला मधला तुकडा वाढत राहिलीस.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. डब्यात चार लाडू उरले होते. दोन कुटून आम्लात उकळले. वास मजलाभर गेला. शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, माझ्या वहिनीने केलेलं खत आहे. त्यात नत्र पुरेसं होतं, फक्त पाण्याला ते सहज द्यायचं नाही, झाडाला सावकाश द्यायचं, असं ते बांधलेलं होतं. मी वहीवरून नवा अहवाल लिहिला आणि नाडकर्णींकडे नेला.

"आता कशाला, ताई?" ते म्हणाले. "वाफे गेले, वहिनी गेल्या."

"फाइलला लावा."

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा काढला. "म्हणजे सभेत तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. "वहिनीने विहिरीचं विचारलं तेव्हाच कळलं होतं."

कागदाला भोक पाडून त्यांनी तो फाइलला लावला. फळ्यावर लावू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, कमिटीपुढे ठेवतो. ठेवतील की नाही, मला माहीत नाही.

दादा माझ्याशी कामापुरतं बोलतो. मागच्या जागेवर फरशी आहे आणि स्कूटर लागतात. सोसायटीच्या फाइलीत तुझ्या खताबद्दल दोन कागद आहेत, एक चुकीचा आणि एक बरोबर. दोन्हींखाली सही माझी आहे.